दाराजवळची फरशी

माझा थोरला भाऊ फरशी बसवायचा. तीस वर्षं. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि गुडघ्यांवर मागे मागे सरकत दारापर्यंत यायचं, हे आमचं काम. दाराजवळची शेवटची फरशी मात्र दादाच बसवायचा. मी एकदा तिला हात लावला तर म्हणाला, "तू चहा पिऊन ये." म्हणजे लुडबूड करू नकोस.

त्याचा उजवा गुडघा सुजला तेव्हा सगळ्यात जास्त शहाणपणा मीच केला. "धंद्याची सूज आहे, दादा. फरशीवाल्याचे गुडघे सुजणारच." वर जाड रबरी पट्टे आणून दिले. सूज वाढली की कोपऱ्यावरचा डॉक्टर सुईने पाणी काढायचा. ते पाणी कसलं, बंद घरातला नळ सोडल्यावर येतं तसं तांबूस काहीतरी. डॉक्टर म्हणाला, मार लागला असेल. आम्हाला पटलं, कारण मार रोजच लागायचा. अशी चार वर्षं गेली. शेवटी वहिनीने त्याला ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. ती नसती तर आम्ही दोघं शहाणे अजून पट्टेच बांधत बसलो असतो.

तिथल्या सर्जनबाईंनी एमआरआय पाहिला. म्हणाल्या, "सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. त्या अस्तराचीच गाठ झालीय. फार क्वचित होते. तिच्यातून रक्त पाझरतंय, आणि हाडही कुरतडलंय तिने. पण कॅन्सर नाही. जिवाला धोका नाही."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. माझाही. दादाने विचारलं, "आणि कामाला?"

बाईंनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "लवकर यायला हवं होतं."

"फरशीच्या कामामुळेच झालं ना हे?" मी विचारलं.

"नाही. कामाचा काही संबंध नाही."

मी खाली बघत राहिलो. तिथली फरशीसुद्धा वेडीवाकडी बसवलेली होती. एरवी त्यावरून दादाने मला कोपर मारलं असतं.

पुढून दुर्बीण घालून, मागून चिरून त्यांनी ते अस्तर खरवडून काढलं. चार तास लागले. मग रोज सकाळी वहिनी त्याच्या पायाला टॉवेल अडकवून गुडघा वाकवायची आणि तो दात-ओठ खायचा. कसाबसा काटकोन झाला. खुर्चीवर बसायला तेवढा पुरतो, फरशीवर बसायला नाही. दीड वर्षाने गाठ परत आली. पुन्हा शस्त्रक्रिया. त्यानंतर काटकोनही होईना. बाईंनी सांगितलं, गुडघ्यावर बसणं कायमचं बंद. दादा म्हणाला, "ठीक आहे."

गेल्या महिन्यात काठी टेकत तो माझ्या कामावर आला. खोली संपत आली होती. दाराजवळची एक फरशी राहिली होती. मी त्याच्याकडे पाहिलं.

"बघतोस काय? बसव."

मी बसवली. त्याने काठीने कोपऱ्यावर टकटक केलं. "पोकळ आहे. काढ."

मला काही तसं वाटलं नव्हतं. काढली, तर कोपऱ्याखाली खरंच सिमेंटचा माल कमी पडला होता. पुन्हा बसवली. त्याने पुन्हा टकटक केलं आणि मान डोलावली. मी उठताना भिंतीला हात लावला, तेवढं त्याने टिपलं.

"इकडे ये."

तो दाराबाहेर पालथ्या बादलीवर बसला होता, उजवा पाय लांब करून. "पॅन्ट वर कर."

"काही नाही रे, दादा. अवघडलाय जरा."

"वर कर म्हटलं ना."

त्याने माझा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यांनी दाबत सगळीकडून नीट तपासला. मग दुसराही. चार वर्षं त्याचा गुडघा सुजत होता, आणि मी एकदाही असा हातात घेऊन पाहिला नव्हता.