हंड्यात पडलेलं मीठ

मी मूळची भित्री. कारखान्यात मात्र केमिस्ट बाई म्हणून तोरा मिरवायचे. ऐंशीच्या दशकातली माझी ती पहिलीच नोकरी. घाटकोपरला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कोरड्या डोळ्यांत घालायचे थेंब बनवायचो.

त्या थेंबांतलं मिथाइल सेल्युलोज मोठं उरफाटं. गारव्यात विरघळतं, तापलं की थिजतं आणि निवलं की परत पातळ होतं! अंगाच्या उष्णतेला ते पातळच राहिलं पाहिजे, एवढं सांभाळणं माझं काम. ही गोष्ट घडली त्याच आठवड्यात मी काचेच्या भांड्यांत प्रयोग करून पाहिले होते. स्पिरिट घातलं की ते उशिरा थिजायचं. मीठ घातलं की लवकर थिजायचं आणि गोळाही घट्ट व्हायचा, कारण मीठ पाणी आपल्याकडे ओढतं आणि सेल्युलोजचे धागे एकमेकांना चिकटतात. हे सगळं मला पाठ होतं.

तरी मी माती खाल्लीच. हंडा गार करायला आम्ही भोवतीच्या टबात कुल्फीवाल्यासारखा बर्फ आणि खडेमीठ भरायचो. हंड्याच्या आत घालायला शुद्ध पाण्याचा बर्फ वेगळा असायचा. मे महिन्यात एका सकाळी वीज गेली आणि तो फ्रिजमध्येच वितळून गेला. शेठ सारखे घड्याळ बघत होते. पुढे सगळं वाफेवर उकळतंच, जंतू मरतील, असं म्हणत मी टबातलाच बर्फ घमेल्याने पाण्यासकट हंड्यात ओतला. जंतू आठवले, पण मीठ काही आठवलं नाही.

बाटल्या भरून झाल्या की हंड्याच्या तळाशी उरलेलं औषध बाटल्या धुणाऱ्या मावशींना द्यायची आमच्याकडे पद्धत होती. मावशी गोवंडीला राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचा एक डोळा कधीच गेलेला, दुसरा कचऱ्याच्या धुराने सारखा कोरडा पडायचा. त्या दोन वाजता बाटली घेऊन घरी गेल्या.

तीन वाजता मी पाहिलं, तर फळीवरच्या बाटल्या दुधासारख्या पांढऱ्या. एक उपडी केली तर थेंब पडेना. पत्र्याखालच्या उकाड्यानेच औषध थिजलं होतं. बोटाला लावून चाखलं. खारट!

"शेठ, वाट लागली, माल पाठवू नका," एवढं ओरडून मी रिक्षा पकडली. त्या माणसाच्या एकुलत्या एका डोळ्यात हे गेलं असेल तर? रिक्षात मी दिसेल त्या देवळाला नवस बोलत होते. नोकरी जाईल ही धास्तीही त्यातच होती, याची मला आज लाज वाटते.

मावशींच्या घरी मी एकदा बारशाला गेले होते, म्हणून गल्ली सापडली. त्या दारातच बसल्या होत्या. उजवा डोळा लालभडक, घळाघळा पाणी वाहत होतं.

"मावशी, काकांना घातलं का हो?"

"न्हाई. दर बारीला आधी माझ्या डोळ्यात टाकून बघते मी. मला दोन हायेत ना."

मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. सगळं कबूल केलं. माठातलं पाणी ओंजळीने त्यांच्या डोळ्यावर मारत राहिले. त्या ओरडल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुमी कुनाच्या डोळ्यात टाकून बघता, ताई?"

त्यांचा डोळा दोन दिवसांत निवळला. शेठनी सगळा माल ओतायला लावला, मला चार लोकांत झापलं, पण ठेवून घेतलं.

पुढच्या खेपेला प्रत्येक गोष्ट मी तीन तीनदा मोजून घातली. बाटल्या भरून झाल्यावर मावशी ड्रॉपर घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मान मागे टाकली. काही चुकलेलं नाही हे मला ठाऊक होतं, तरी डोळा उघडा ठेवताना मला दरदरून घाम फुटला.