वाकड्या फाकेचं धनुष्य

धनुष्यं घडवणारा मिस्त्री जावयाला कधी उलटून बोलला नव्हता. बोलण्यासारखं मात्र पुष्कळ होतं. जावयाने दुकान हाती घेतल्यापासून काचेत फायबरची धनुष्यं टांगली होती. त्यांवर लाकडाच्या रेघा छापलेला कागद चिकटवून तो ती ‘हाताने घडवलेली’ म्हणून खपवायचा. मिस्त्रीच्याच बाकावर बसून तेलकट काहीतरी खायचा आणि बोटं मिस्त्रीच्या फडक्याला पुसायचा. ते फडकं म्हातारा चिमटीत धरून टाकून द्यायचा. पण लेक दिली होती. जीभ दाताखाली धरायची, झालं.

एकदा जावयाने वखारीत टाकून दिलेली लाकडाची एक फाक आणली. दोरखंडासारखा पीळ, मधोमध बाक.

“वाकडी आहे, पण तुम्ही आहात ना,” तो दात कोरत म्हणाला.

मिस्त्रीला ती मनापासून आवडली. सालीखालचा एक थर अखंड ठेवून, लाकडाची रेषा वळेल तिकडे हत्यार वळवत त्याने ती तासली. वाफेवर शेकली, शिकंज्यांनी फळीला आवळली आणि पीळ थोडा थोडा उलटा फिरवला. सगळा गेला नाहीच. पण दोरी चढवली तेव्हा ती बरोबर मुठीवरून गेली आणि दोन्ही बाजू सारख्या वाकल्या. दिसायला साप, पण बाण सुतासारखा सरळ जायचा.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, तर जावई घासायचं मशीन घेऊन उभा. धनुष्याच्या नागमोडी कडा पट्टीसारख्या सरळ केलेल्या, वर चॉकलेटी रंग फासलेला.

“आता कसं मालासारखं दिसतंय.”

“रेषा कापल्यात तुम्ही. ओढू नका, मोडेल.”

“गिऱ्हाईक रेषा बघतं होय?” म्हणत त्याने दोरी कानापर्यंत ओढली.

काडकन आवाज झाला. वरचा तुकडा त्याच्या डोक्यावरून भिंतीवर आदळला. जावयाने आधी डोकं चाचपलं, मग उरलेलं धनुष्य पायाने बाकाखाली सारलं.

“लाकूडच भिकार होतं.”

मिस्त्रीने रंधे, पटाशा, शिकंजे पोत्यात भरले.

“हे काय? लोक काय म्हणतील?”

“सांगा, सासरा वाकडा निघाला.”

समोरच्या चांभाराने दुकानात एक कोपरा दिला. तिथे चामड्याचा आणि आंबलेल्या खळीचा भपकारा यायचा. मिस्त्रीने नाकाला रुमाल बांधला आणि काचेतली ती धनुष्यं दिसू नयेत म्हणून रस्त्याकडे पाठ करून बाक लावला.

दोन दिवस फुरंगटून बसलेली लेक तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आली.

“आधीच का नाही बोललात त्यांना?”

“तुझा नवरा ना गं तो.”

“मी तर रोज बोलते,” ती म्हणाली आणि बाकावरचा भुसा पदराने झटकून तिने डबा उघडला.