चुलत बहिणीचा कालणा

दर शुक्रवारी न्हाणं झालं, की काका आपल्या लेकीच्या तळहातावर कालणा ठेवायचे. कालणा म्हणजे पाव आणा, राणीचं तोंड असलेलं तांब्याचं नाणं. काका सरकारी कचेरीत होते, हाती रोख पगार येई. त्यांची लेक माझ्याच वयाची. तिची मूठ मिटली, की मीही माझी रिकामी मूठ मिटून बघायचे.

माझे आप्पा नाचियार्कोविलहून पितळी समया आणून कुंभकोणात विकायचे. कंजूष मुळीच नव्हते. "लेकरांच्या हातात पैसा कशाला? काय हवं ते सांग, मी आणतो," म्हणायचे, आणि आणायचेही. त्यामुळे धड रुसताही येत नसे.

माशीमघमच्या स्नानाच्या जत्रेत आम्ही सगळे तलावावर गेलो. गुळाच्या गोळ्यांच्या दुकानाशी बहीण मुठीत कालणा घेऊन पुढे झाली. दुकानदार वाकून तमिळमध्ये म्हणाला, "काय हवंय, अम्मा?" तिनं बोट दाखवलं. मग म्हणाली, "हे नको, ते." त्यानं मुकाट्यानं बदलून दिलं.

मग मी बोट दाखवलं. तो माझ्या डोक्यावरून आप्पांकडे बघत म्हणाला, "द्यायचं का, सामी?"

माझा पुडा तिच्यापेक्षा मोठा होता. मी तो उघडलाच नाही.

घरी आईला म्हटलं, "मला गोळ्या नकोत. मला स्वतःच्या हातानं पैसे द्यायचेत."

आई तांदूळ निवडत होती. "मी तरी कधी दिलेत? भाजी हे आणतात, लुगडी सासूबाई निवडतात."

पुढच्या शुक्रवारी आप्पांना वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, हिला एक कालणा द्या. नि एक मला."

आप्पा हसले. "तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही," आई म्हणाली आणि भात वाढू लागली.

मला कालणा मिळाला. धावत जाऊन बहिणीला दाखवला. काकांना हे कळलं, आणि संध्याकाळी तिच्या हातात अर्धा आणा आला. माझं नाणं मला लगेच कळकट दिसू लागलं. मी जेवले नाही.

गोष्ट आजोबांपर्यंत गेली. त्यांनी दोन्ही मुलांना बोलावून सांगितलं, "एका चुलीवर दोन चाली नकोत. यापुढे मी देईन, दोघींना सारखं."

तेव्हापासून आजोबा द्यायला लागले. आधी तिला, कारण ती महिन्यानं मोठी. तेवढंही मला खुपायचं.

आईनं पुन्हा कधी मागितलं नाही. पण आजोबांनी कनवटीला हात घातला, की ती हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची.