गाऱ्हाण्यातला होकार

काल आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात निवडणुकीच्या उमेदवाराचं गाऱ्हाणं होतं. गुरव हातात नारळ धरून देवापुढे मागणं मांडतो आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी आपला रोजच्यासारखा दर्शनाला गेलो आणि मध्येच अडकलो. मागे माणसं, पुढे खांब.

"ह्यो तुझो भक्त दारात इलो हा, तेका भरघोस मतांनी निवडून हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझे ओठ मिटलेलेच राहिले. शेजारच्या भिकूकाकांनी कोपराने ढोसलं. "अरे, व्हय म्हण. देवाचा काम हा."

देवाचं कसलं? देवाला पक्षाचा कार्यकर्ता करणं मला जमत नाही. पण या माणसासाठी काहीच मागायचं नाही, असंही नाही. उद्या आमचा दवाखाना, ओढ्यावरचा साकव त्याच्याच हातात असेल. ज्याला मत द्यायचं नाही त्याचंही भलं मागावं, एवढी जागा माझ्या मनात आहे का, हे मी तिथेच उभा राहून चाचपत होतो.

गुरव शेवटाला आला. "काय चुकला माकला असात ता पोटात घाल, आणि तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

हे मात्र मला मनापासून हवं होतं. "व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

उमेदवाराने वळून पाहिलं. हसला, आणि आपल्या गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून त्याने माझ्या गळ्यात घातलं. ते काढायचं तर हात सोडावे लागले असते, आणि माझे हात अजून देवापुढे जोडलेले होते.