आळ तांबू गाईवर
साखराबाई दवाखान्यातून परत आली तशा छावणीतल्या बायका तिच्या पाया पडायला यायला लागल्या. कुणी कुंकू लावी, कुणी तान्हं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवी. मरून परत आलेली बाई म्हणजे देवाचंच माणूस, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"तिकडं काय दिसलं हो?" सगळ्या हेच विचारत.

"काय बी न्हाई. झोपेत काय दिसतंय?" ती तुटकपणे म्हणे. श्वास घेतला की बरगड्यांत कळ जाई, आणि त्यावर हे पाया पडणं तिला नको नको होई.

त्या दुष्काळात धरणाचा तळ उघडा पडला होता. गावच्या सोसायटीनं पाली गावाच्या पलीकडच्या माळावर जनावरांची छावणी काढली, तेव्हा साखराबाई आणि तिचा नवरा हरिबा आपल्या गाई घेऊन तिथंच ताडपत्रीखाली राहायला आले. छावणी सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या हातात होती. चाऱ्याचा ट्रॅक्टर त्यांचा पुतण्या गहिनीनाथ चालवी. एके सकाळी साखराबाई पाण्याच्या लोखंडी टाकीपाशी गेली. तिथून पुढचं तिला काहीच आठवत नव्हतं.

"तांबूनं ढकलली तुला टाकीवर," हरिबानं सांगितलं होतं.

तांबू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली गाय. आता ती सगळ्यांपासून लांब, आखूड दाव्यानं बांधलेली होती. पुढच्या पायांत दोर, पाठीवर काठीचे वळ. मारकी म्हणून येणारा जाणारा तिला बडवत होता. साखराबाई जवळ गेली तशी तांबूनं तिच्या पदरात तोंड घातलं. हिनं मला मारलं? साखराबाईला ते पटेना.

छाती दाखवायला ती हरिबाबरोबर बीडला गेली. जिनं तिला वाचवलं ती डॉक्टरीण तरणी पोर होती. नेमकं काय झालं होतं, ते साखराबाईनं तिलाच विचारलं.

"तुमच्या फासळ्या मोडल्या होत्या, मावशी. फुप्फुसातून सुटलेली हवा छातीत कोंडली आणि हृदयावर दाब आला. दवाखान्याच्या दारातच ते बंद पडलं. सुई घालून हवा काढली, छाती दाबत राहिलो, तेव्हा परत चालू झालं. अशातून फार थोडे वाचतात."

"गाईनं ढकलल्यावर एवढं होतं?"

"होऊही शकतं. पण तुमच्या छातीवर आडवा, सरळ वळ होता, फळीची कड लागावी तसा. मी तेव्हाच विचारलं होतं. तुमच्या मालकांनी गाय सांगितली."

हरिबा खिडकीबाहेर बघत राहिला. साखराबाई एसटीतून छावणीत उतरली ती थेट भिवराबाईच्या दावणीपाशी गेली. भिवराबाई शेजारचीच, त्या सकाळी ती पण पाण्याला आली होती.

"खरं सांग. गाय होती का?"

भिवराबाई चारा टाकायची थांबली. "ट्रॉली होती. गहिनीनाथ फोन कानाला लावून मागं घेत होता. मी लई वरडले, त्याला ऐकूच गेलं न्हाई. ट्रॉली अन् टाकीच्या मधी गावलीस तू." तिचा आवाज खाली गेला. "चेअरमन म्हणले, केस झाली तर छावणी बंद पडंल. मग जनावरं कुठं नेताल?"

साखराबाई तशीच रागानं माघारी वळली. ती ताडपत्रीखाली आली.

"माझं काळीज बंद पडलं तवा तुमी गाईचं नाव सांगत होता."

"तू जगती का मरती कळंना," हरिबा म्हणाला. "त्यात सुंदररावांनी जीप दिली, अन् म्हणले छावणी बंद पडंल. गाई घेऊन मी कुठं जाणार होतो?"

"म्हणून तांबूच्या माथी मारलं? लोकांनी तिला बडवून बडवून अर्धी केली, तरी तुमी गप?"

तिनं तांबूचे पाय सोडले आणि तिला आपल्या ताडपत्रीच्या खांबाला बांधलं.

पुढच्या आठवड्यात सुंदररावांनी साखराबाईचा सत्कार ठेवला. मांडव घातला, पेपरवाले बोलावले. सोसायटीनं वेळेवर जीप दिली म्हणून आमची ही माउली परत आली, असं भाषण करून त्यांनी शाल उलगडली. साखराबाईनं ती हातानं बाजूला सारली आणि माइकपुढं उभी राहिली.

"जीप दिली, ते खरंय. पण मला गाईनं मारलं न्हाई. ट्रॉलीनं चेंगरलं. गहिनीनाथ चालवत होता."

सुंदरराव हसले. "बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलीय."

"मार छातीला बसलाय, सुंदरराव. डोकं जागेवर हाय."

कुणीतरी खिदळलं. तेवढ्यात मागं भिवराबाई उठली. "मी बघितलंय," ती म्हणाली आणि घाबरून लगेच खाली बसली. पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी ठाण्यात गेल्या. हवालदारानं दुपारपर्यंत बसवून ठेवलं, आपसात मिटवा म्हणाला. साखराबाईला बसवेना, तशी ती बाकावर आडवी झाली, पण उठून गेली नाही. शेवटी तक्रार लिहून घेतली. परत येऊन बघतात तर दोघींची जनावरं छावणीबाहेर हाकललेली. आजवर कुणापुढं तोंड न उघडलेला हरिबा तेव्हा तहसीलला गेला आणि तहसीलदार साहेबांच्या दारात बसून राहिला. साहेबांचा हुकूम आला, जनावरं परत आत आली. सुंदररावांनी मात्र बोलणं टाकलं, आणि पाया पडणाऱ्या बायकाही हळूहळू कमी झाल्या.

गहिनीनाथ जामिनावर सुटला. खटला अजून चाललाय. चढ लागला की साखराबाईला धाप लागते, तरी ती प्रत्येक तारखेला बीडला जाते.

"जगलीस, देवाचं नाव घे. सोड आता," हरिबा एकदा स्टँडवर म्हणाला.

"जगले म्हणून तर जाती. मेले असते तर मिटवलंच होतं तुमी."

गाडी लागली तसा हरिबा गर्दीत घुसून तिच्यासाठी जागा धरायला आधी चढला.