डाव्या बाजूची शिलाई

टेलरमावशींनी कधी कोणाच्या अंगाला नाव ठेवलं नाही. देऊळगाव राजातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे ब्लाऊज शिवून घेत. कोण बाळंतपणानंतर सुटली, कोण सासरी जाऊन वाळली, हे मावशींना घरच्यांच्याही आधी कळायचं. पण तोंडातून शब्द निघत नसे. घट्ट झालेलं ब्लाऊज कोणी परत आणलं की त्या बाईकडे न पाहता कापडाकडे पाहत आणि म्हणत, "आकसलं बाप्पा. आजकालच्या कापडात दम नाही." बाईचा जीव भांड्यात पडायचा.

"अंगात खोट नसते पोरी," त्या मला एकदा म्हणाल्या. "खोट कापडात असते. बोलावं तं कापडाले, बाईले नाही."

त्यांचं माहेर डोणगावचं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी तिकडची बोली सुटली नव्हती. बाई असून 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणायच्या. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहत. एकुलती मुलगी सुनंदा लोणारला दिलेली. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, बाजूला फुलाफुलांचा पडदा आणि पडद्याआड माप, एवढंच त्यांचं दुकान.

मी सातवीत असताना पहिल्यांदा त्या पडद्याआड गेले. तेव्हा मी वाकून चालायचे, दप्तर छातीशी धरून. "हिला जरा सरळ उभं राहायला सांगा हो," आई म्हणाली. मावशींनी आईलाच बाहेर बसायला सांगितलं. टेप गळ्यात तशीच ठेवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत आकडे लिहिले. हातही लावला नाही. "झालं. जाय." शाळेचा ड्रेस त्यांनी किंचित ढगळ शिवला, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकाच. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

मी इंग्रजी शाळेत जायचे याची त्यांना फार गंमत वाटे. "काय वं इंग्रजीवाली, कटोरी ब्लाऊजच्या कटोरीले इंग्रजीत काय म्हणतात?" मला सांगता यायचं नाही. "माय वं! मंग शाळेत काय शिकवून राह्यले तुले?" बसलेल्या बायका हसत. मी खाली बघे. पण घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच यायचा. मशीनचं माहितीपत्रक असो की गोळ्यांची पट्टी. त्यांची अट एकच असे: "जसं लिवलं तसं सांग. मधात गोड नोको करू."

कॉलेज संपवून मी परत आले आणि इथल्याच एका शाळेत शिकवू लागले. त्या वर्षी दिवाळीच्या गर्दीत मला ते दिसलं. मावशींच्या अंगातल्या ब्लाऊजची डावी शिलाई उसवून बाहेर घेतलेली होती. जुन्या टाक्यांची रांग स्पष्ट दिसत होती. उजवी बाजू होती तशीच. संक्रांतीला पाहिलं तर त्याच जागी वेगळ्या हिरव्या कापडाची पट्टी जोडलेली. मी पाहिलं आणि नजर काढून घेतली. अंगाबद्दल बोलायचं नसतं हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते, आणि मला ते सोयीचंही होतं.

होळीच्या आधी एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. दुकानात कोणी नव्हतं, तरी त्यांनी पडदा ओढला.

"गेल्या साली एक बोट उसवलं," त्या म्हणाल्या. "मंग दिवाळीत अजून एक. आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड, माया, तेही सरलं, मंग पट्टी लावली. मले वाटलं कापडच आकसून राह्यलं." त्या जराशा हसल्या. "अख्खी जिंदगी बायकायले हेच सांगतलं ना वं. मलेही पटलं."

मग माझा हात धरून त्यांनी डाव्या बाजूला टेकवला. ब्लाऊजवरूनही कळत होतं. लिंबाएवढं, टणक, न हलणारं.

"दुखतं?"

"दुखलं असतं तं कवाच गेली नसती का?"

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच जालन्याला मॅमोग्राफीसाठी पाठवलं. मीच सोबत गेले. मशीनच्या खोलीतून बाहेर येताना मावशी पदर सावरत म्हणाल्या, "काय माप घेते वं ते बाई! इस्त्री दाबावी तसं दाबलं. अन् वरून म्हणते, श्वास रोका. श्वास होता कुठं?" शेजारी नंबर लावून बसलेली एक अनोळखी बाई खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

रिपोर्ट मी जालन्याच्या बसस्टँडवर उघडला. तीन वेळा वाचला. गाठ संशयास्पद, कडा वेड्यावाकड्या, काखेतल्या गाठीही वाढलेल्या. तुकडा काढून तातडीनं तपासणी करावी.

"सांग."

मी गोड केलं नाही. "कॅन्सर असावा असं वाटतंय त्यांना. सुईनं तुकडा काढून तपासला की नक्की कळेल. लगेच करा म्हणतायत."

त्यांनी रिपोर्टच्या पाकिटातली फिल्म उन्हात धरली. काळ्यावर एक पांढरा डाग होता, तुटक्या काचेसारख्या कडांचा.

"हेच का?"

"हो."

"लहानशी तं हाये." फिल्म पाकिटात घालून त्या उठल्या. "चाल, गाडी लागली. खिडकीची जागा धर."

सुईला त्या तयार झाल्या नाहीत. "सुई लागली का गाठ चवताळते. डोणगावले माह्या आत्याले टोचली, अन् दोन महिन्यात गेली ते."

"आत्या उशिरा गेल्या असतील मावशी. सुईनं पसरत नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना."

"तू होती का तवा डोणगावले?"

माझं असंच होतं. कोणी उलट एक प्रश्न विचारला की माझं बोलणं संपतं. शिवाय लग्नसराई होती. गल्लीतल्याच एका नवरीची अकरा ब्लाऊजं त्यांच्याकडे होती. "नवरीले अर्ध्यावर सोडू का? जेठ सरू दे, मंग जातो. अन् सुनंदाले सांगू नोको. तिचं तिले कमी हाये का?" मी सुनंदाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

ते तीन-साडेतीन महिने त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं. पाकीट अस्तराच्या कापडांखाली असे. चार-आठ दिवसांनी मला हाक येई. "आज वाच बरं." मी तेच शब्द पुन्हा वाचे. त्या हातातलं काम न थांबवता ऐकत आणि शेवटी विचारत, "काही बदललं का?" कागद तोच होता हे त्यांनाही माहीत होतं.

"नाही."

"हाव," त्या म्हणत आणि दाताखाली दोरा तोडत.

याच दिवसांत त्यांनी आयुष्यभराचा नेम मोडला. माप घेताना प्रत्येक बाईला सांगू लागल्या, "आंघोळीच्या वक्ताले हात लावून पाहत जाजो. गाठ लागली तं लपवू नोको." बायका लाजून पदर ओढून घेत. "मावशीले आजकाल काय झालं वं?" असं बाहेर कुजबुजत. दोघीतिघींनी टेलरच बदलला. माझ्या माहितीत एकही बाई तपासायला गेली नाही.

लग्न लागलं. अकराही ब्लाऊजं अंगात चपखल बसली, असं सगळे म्हणाले. जेठ सरताना मावशी सुईला गेल्या. निकाल अपेक्षेप्रमाणे आला. पुढच्या तपासण्यांत कळलं की कॅन्सर पाठीच्या मणक्यांत पोचलाय. सुनंदा न्यायला आली तेव्हा दारातच तिनं मला विचारलं, "तुला होळीपासून माहीत होतं?"

"हो."

ती पुढे माझ्याशी बोलली नाही. पसारा आवरून तिनं आईला लोणारला नेलं.

भादव्यात मी तिकडे गेले. मावशी खाटेवर होत्या. डावा हात सुजून जड झालेला, बाकी अंगात काही उरलं नव्हतं. अंगावर सुनंदाचा गाऊन होता. मला बघून म्हणाल्या, "काय वं इंग्रजीवाली, वाळली का?" मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"एक सांग. होळीले सुई लावू दिली असती, तं?"

तोवर मी खूप वाचलं होतं. होळीला गेलो असतो तर काय, आणि दिवाळीतच गेलो असतो तर काय, हे मला बरंचसं माहीत होतं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "तेव्हाही उशीरच झाला होता."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी नजर हलवली नाही. इतका वेळ कोणाच्या डोळ्यांत बघायची मला सवय नाही.

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. "मले वाटे, माहीच चूक झाली."

सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. कप माझ्यासमोर ठेवून ती आत गेली.

दसऱ्याच्या आधी मावशी गेल्या. लोणारच्या त्या दुपारचं मी फक्त आईला सांगितलं. मी मावशींच्या समाधानासाठी खोटं बोलले, असं आईला वाटतं. निम्मं माझ्यासाठी होतं.