कोयते पुरून बघितलेली कबड्डी

त्या वर्षी पाऊस आलाच न्हाई. जित्राबं घेऊन आमी शिरूर कासारच्या पल्याड छावणीला राह्यलो. छावणी सोसायटीवाल्यांची व्हती. टँकरचं पाणी, उसाचं वाढं, अन् पत्र्याखाली एक टीव्ही. गडीमाणसं म्होरं बसायची, आमी बाया मागं उभ्या राहून म्हशींच्या पाठीवरनं बघायचो. सांजच्याला त्याच्यात कबड्डी लागायची. मोठ्या शहरातली, उजेडातली.

पोरपणी मी हुतूतू लई खेळलेली. पंचमीला पोरी मला आधी मागून घ्यायच्या, असा माझा दम. सासरी आल्यावर खेळायला येळच घावला न्हाई. छावणीत तो खेळ बघताना माझा श्वास आपसूक धरला जायचा. एक गडी व्हता बारका, आपल्याच मराठवाड्यातला. चढाईला जायच्या आधी रेघंला हात लावून पाया पडायचा. मी मनात धरलं, ह्याला एकदा डोळ्यानं बघायचं.

थोरली जाऊ म्हणली, "गुरांच्या फासळ्या निघाल्या अन् हिला कबड्डी."

"गुरं बी बघते, कबड्डी बी बघते," मी म्हणलं.

दिवाळी झाल्यावर जित्राबं छावणीतल्या शेजाऱ्यांवर सोपवून साखर कारखान्याच्या ऊसतोडीला पुण्याकडं गेलो. तोडीत एका जोडप्याला एक कोयता म्हणत्यात. हातात कोयते दोन असले तरी मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक. आमचे दोघींचे मालक गेलेले, तवा आमी जावाजावांनीच एक कोयता केला. मुकादम म्हणला, "बायाबायांचं जमत न्हाई. गाडीला लावल्या फळीवरनं मोळी वर कोण चढवणार?" थोरलीनं तिथंच मोळी डोक्यावर घेतली अन् गाडीत नेऊन टाकली. मुकादमानं वहीत आमचं नाव घातलं. पर फळीच्या निम्म्यात तिचा दम तुटायचा. थांबायची, डोळे मिटायची, मग वर जायची. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं न्हाई, मीबी न्हाई.

मग कळलं, ती कबड्डी पुण्यालाच हाय. आमच्या गाडीच्या ट्रॅक्टरवाल्यानं मोबाइलवरनं दोन तिकिटं काढली, कागदावर छापून दिली. मी एकटी गेले तर थोरलीला काम न्हाई, अर्ध्या कोयत्याला उसाचा फड कुणी देत न्हाई. तवा तिलाबी न्यायचंच. मुकादमाला इचारलं.

"मामी, बघायला चाललाव का खेळायला?"

"खेळायला," थोरली म्हणली. "तू चल पंच म्हणून."

त्यो हसला. म्हणला, दुपारपर्यंत गाडी भरा, मग कुठं बी जा.

पहाटंचा तारा दिसत व्हता तवाच फडात उतरलो. गाडी भरली खरी, पर उन्हं कलली. कोपीवर, आमच्या पाचटाच्या खोपटात, जायला सवड न्हाई. पाटाच्या पाण्यानं हातपाय धुतले, लुगडी झटकली, भरल्या गाडीच्या ट्रॅक्टरवर बसून डांबरीला आलो अन् येष्टी धरली. कोयते तसेच फडक्यात गुंडाळून पिशवीत.

मैदानाच्या फाटकावर एक बाई पिशव्या तपासत व्हती. तिनं फडकं सोडलं अन् मागंच सरली.

"मावशी, हे काय?"

"कोयता."

"आत काय ऊस लावलाय का?"

थोरली म्हणली, "नसला लावला तर राह्यलं. आमाला काय हौस हाय व्हय रोजची?"

"पोलिसाला बोलवू का?"

"बोलव की. त्याच्याकडंच ठिवते, नीट सांभाळ म्हणते."

ती बाई हसली, पर ऐकंना. म्हणली, त्या पिपात टाका अन् जा. पिपात काड्याच्या पेट्या, बाटल्या, तंबाखूच्या पुड्या. त्यात कोयता टाकायचा? हाताला बसलेला कोयता गेला तर सकाळी फडात काय दातानं तोडायचं?

थोरली म्हणली, "तू जा. मी बसते हितं. मला त्यातलं कळत बी न्हाई."

"न्हाई," मी म्हणलं. "एक कोयता हाव आपण. जायचं तर दोघींनी."

बाजूला हिरवळ व्हती अन् तिच्या कडंनं फुलझाडांचा वाफा. मी खाली बसले. कोयत्यानंच माती उकरली, दोन्ही कोयते फडक्यासकट पुरले, वर दगड ठिवला. थोरली लुगड्याचा आडोसा करून उभी, इकडं तिकडं बघत.

"लोक म्हणतील मढं पुरलं."

"म्हणू दे."

पिशवी रिकामी दाखवून आत गेलो. जागा पार वर, पायऱ्या चढून चढून. खाली उजेड एवढा की डोळं दिपलं. टीव्हीत मोठा दिसणारा माझा गडी तिथनं करडाएवढा दिसला. पर रेघंला हात लावला त्यानं, अन् मी वळखला.

"एकटाच कशाला जातो गं? पलीकडं एवढे उभे हायत की," थोरली म्हणली.

"कुणाला तरी शिवून परत यायचं, आक्का. दम तुटायच्या आत."

ती म्होरं वाकून बघाय लागली. त्याला दोघांनी पायाला धरलं, तिसरा पाठीवर पडला. त्यो तसाच वढत आला अन् बोटाचं टोक रेघंला लावलं. मी वरडले. बघते तर थोरली माझ्या आधी उभी. शेवटी त्याची बाजू हरली, पर मला बघायचं ते मी बघितलं.

बाहेर आलो तर हिरवळीवर पाण्याचे फवारे आपले आपण फिरत व्हते. वाफ्याचा नुस्ता चिखल. दगड खाली बसलेला. आमी दोघी गुडघ्यावर बसून हातानं चाचपलं. एक घावला, दुसरा घावंना. थोरलीनं कोपरापर्यंत हात घातला अन् वढून काढला. माझाच व्हता.

तिनं चिखलाचा हात तसाच धरून ठिवला. म्हणली, "औंदा पहिल्यांदा एवढा वला चिखल अन् हिरवं गवत बघितलं. अन् खायला एक जनावर न्हाई हितं."

सकाळी कोयत्यांना कानस मारली अन् फडात गेलो. गाडी लागली. थोरलीनं खाली वाकून फळीला हात लावला, मोळी डोक्यावर घेतली अन् चढायला लागली. निम्म्यात थांबंल म्हणून मी खाली उभी व्हते. तिचे व्हट हालत व्हते. ती थांबली न्हाई. वर मोळी टाकली तवाच तिनं श्वास सोडला.

"बघती काय?" वरनं म्हणली. "दे की दुसरी."